मेळघाट : अतिक्रमण की वनहक्क?

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याचा समावेश होता. कोरकूंची गावे मात्र त्याआधीपासून या डोंगरांत होती. त्यांच्या वहितीतील जी जमीन सातबारावर चढली नाही, ती वन खात्याच्या दप्तरी ‘अतिक्रमण’ ठरली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही व्याख्या बदलली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, कमाल चार हेक्टर वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या नावे होऊ शकते. बिगर आदिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. खरी मेख पुराव्याची आहे. किमान दोन पुरावे लागतात. गावातील वृद्धांचा लेखी जबाब आणि शेताचे जुने बांधही त्यात चालतात. पूर्वी अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती येथे मोलाची ठरते, हा एक विलक्षण योगायोग! दावा ग्रामसभेकडून उपविभागीय आणि पुढे जिल्हा समितीकडे जातो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही.

शेतीइतकाच आधार मोह, तेंदू, बांबू यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली झाडे, गवत आदी नेण्यास मनाई झाली, आणि आतील गावांचा हंगामी रोजगार आटला.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात तिसरा पर्याय पुनर्वसनाचा. त्यासाठी प्रतिकुटुंब दहा लाख रुपयांची मदत २००८ मध्ये ठरली. २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. मात्र हक्कांची निश्चिती आणि ग्रामसभेची लेखी संमती या अटी कायद्यातच आहेत. पैसा मिळूनही प्रश्न मिटतोच असे नाही. अकोट तालुक्यात स्थलांतरित झालेले काही ग्रामस्थ जमीन व सुविधांच्या मागणीसाठी मूळ गावांत परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये पोलीस व वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला.

पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला व २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली गेली का, हा मुद्दा त्यातून ऐरणीवर आला. महाराष्ट्रात २०२० पासून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करता येते.