सहवैमानिकाचा आवाज

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या आकाशात युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान तासभर घिरट्या घालत होतं. चाकं उघडताना दणका बसला होता आणि ती नीट बसली आहेत का, याच विवंचनेत कॅप्टन गढून गेले होते. इंधन संपत आल्याचं फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. तो बोललाही, पण आडून आडून. इंजिनं बंद पडली, विमान कोसळलं, १० माणसं गेली.

विमान चालवण्याची विद्या तेव्हा हाताखाली राहून शिकायची. ज्येष्ठाचं कसब नव्याच्या अंगी उतरायचं, पण धाकही उतरायचा. १९७७ मध्ये टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण दगावले. परवानगीआधीच विमान सोडणारे केएलएमचे कॅप्टन हे कंपनीतले नामांकित प्रशिक्षक होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७ साठीची चाचणी त्यांनीच घेतली होती. परीक्षकाला ‘थांबा’ म्हणायचं कुणी?

हे धडे वाया गेले नाहीत. १९७९ मध्ये नासानं या प्रश्नावर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडनं वैमानिकांसाठी वर्ग सुरू केले. कॅप्टननं ऐकायचं कसं आणि धाकट्यानं ठामपणे सांगायचं कसं, हे तिथं शिकवलं जाई. बऱ्याच जुन्या कॅप्टनांनी नाकं मुरडली.

१९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या डीसी-१० चं शेपटीकडचं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. सुकाणू हलेना. प्रवाशांत कंपनीचे प्रशिक्षक डेनी फिच होते. जपानमधल्या १९८५ च्या तशाच अपघातानंतर, ज्यात ५२० जण गेले, त्यांनी अशा संकटाचा सिम्युलेटरवर सराव केला होता. कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावलं, इंजिनांचे दांडे त्यांच्या हाती दिले आणि चौघांनी मिळून विमान सू सिटीपर्यंत आणलं. उतरताना ते उलटून फुटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर इतर वैमानिकांनी प्रयत्न करून पाहिला, पण असं विमान सुखरूप उतरवणं कुणाला साधलं नाही.

हेन्स पुढं कित्येक वर्षं व्याख्यानं देत फिरले. चौघांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव कॉकपिटमध्ये होता, मग एकट्या कॅप्टनचंच का ऐकायचं, असं ते विचारत. पूर्वी कॅप्टन म्हणेल तीच पूर्व दिशा असायची आणि त्यापायी आपण काही विमानं गमावली, हेही ते मोकळेपणानं सांगत.