थिबा राजाचे माणिक आणि आमच्या घरचे जुने जिन्नस

एखादी तरी जुनी, दुर्मिळ वस्तू कधी काळी आपल्या मालकीची व्हावी, अशी सुप्त इच्छा बहुतेक प्रत्येकाच्या मनात वास करीत असते. कोणास शिवकालीन सोन्याचा होन हवासा वाटतो, कोणास पेशवाईतील सचित्र पोथी, कोणास किल्लीचा ग्रामोफोन, तर कोणास आजोळी पाहिलेला पितळी कड्यांचा झोपाळा. ही इच्छा निव्वळ लोभाची असते, असे आम्हांस वाटत नाही. आपल्यापूर्वी जी माणसे होऊन गेली त्यांच्याशी काही नाते जोडावे, ही ओढही तीत असते. परंतु अशा वस्तू कशाने टिकतात आणि कशाने नाहीशा होतात, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. तो करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या रत्नागिरीच्या इतिहासातच त्याचे बोलके उदाहरण आहे. ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा हा १८७८ साली मंडाले येथे गादीवर आला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज इरावती नदीतून बोटींनी मंडालेस पोहोचली आणि अवघ्या काही दिवसांत राज्य गेले. राजा, राणी सुपयालत व परिवार यांना प्रथम मद्रासेस आणि पुढे १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. आपल्या देशापासून हजारो मैल दूर, अरबी समुद्राच्या काठी, या राजाने ३० वर्षे काढली. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला तीनमजली राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला तो १९१० साली. म्हणजे त्या वास्तूचा उपभोग त्यास जेमतेम सहा वर्षे मिळाला. १९१६ साली राजा येथेच निवर्तला. १९१९ साली राणी व राजकन्या यांना स्वदेशी जाण्याची मुभा मिळाली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीस परतली आणि १९४७ साली विपन्नावस्थेत येथेच तिचा अंत झाला.

मंडालेच्या खजिन्यातील जवाहिरात अतुल्य होते. ब्रह्मदेशातील मोगोक येथील माणकांच्या खाणी जगप्रसिद्ध. आणि त्या खाणींतून निघालेल्या रत्नांत 'ङा मौक' नावाचे माणिक श्रेष्ठ मानले जाई. ते ज्यास सापडले त्याच्या नावावरून हे नाव पडले, असे सांगतात. राज्य गेले त्या धांदलीत हे माणिक नाहीसे झाले. मोहिमेबरोबर आलेले इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन यांच्या हाती ते गेले, असे राजाचे म्हणणे होते. स्लेडन १८९० साली वारले. रत्नागिरीहून राजाने या माणकासाठी सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली. परंतु कोणत्या दिवशी, कोणाच्या समक्ष, कोणत्या पावतीने ते कोणाच्या स्वाधीन झाले, याचा लेखी पुरावा त्याच्यापाशी नव्हता. राजाचा शब्द एका बाजूस आणि सरकारचे मौन दुसऱ्या बाजूस, असा तो विषम सामना होता. माणिक शेवटपर्यंत मिळाले नाही. जवळ उरलेले दागिने मात्र तनखा अपुरा पडे तसतसे राजाने एकामागून एक विकले. ज्या हातांत ते गेले त्यांनी ते मोडले, खडे वेगळे केले, सोने आटवले. आज त्यांतील एखादा खडा कोणाच्या अंगठीत चमकत असेल, तरी तो मंडालेचा आहे हे त्या अंगठीच्या मालकासही ठाऊक नसेल.

आता याच खजिन्यातील दुसऱ्या वस्तूंची कथा पाहावी. थिबाच्या दरबारातील सिंहासन इंग्रजांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवले. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, मंडालेचा राजवाडा जळून खाक झाला. परंतु कलकत्त्यास असल्यामुळे हे सिंहासन वाचले. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी ते सन्मानपूर्वक परत करण्यात आले. सांप्रत ते यांगून येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजचिन्हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती. तीही १९६४ साली ब्रह्मदेशास परत मिळाली. या परतफेडीबद्दल कृतज्ञता म्हणून ब्रह्मदेशाने त्यांतील एक वस्तू आपण होऊन लंडनच्या संग्रहालयास भेट दिली. ही वस्तू म्हणजे 'हिंथा' पक्ष्याच्या, म्हणजेच आपल्या हंसाच्या, आकाराचा सोन्याचा पानाचा डबा होय.

एकाच राजवाड्यातून गेलेल्या वस्तूंच्या नशिबात एवढे अंतर का पडावे? पराजिताची संपत्ती जेत्याने उचलून नेणे हा न्याय नव्हे, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. परंतु सिंहासन व राजचिन्हे यांना संग्रहालयाच्या दप्तरात नाव होते, क्रमांक होता, कोठून आले याची नोंद होती. म्हणून काळ पालटल्यावर त्यांवर हक्क सांगता आला आणि तो नाकारणेही कठीण झाले. माणकास मोल होते, पण नोंद नव्हती.

आपल्या मराठी मुलखातही याची प्रचीती नुकतीच आली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ साली लंडन येथे लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मिळविली आणि त्याच वर्षी ती मुंबईस आणली. ही तलवार ओळखता आली, याचे एक मोठे कारण म्हणजे तिच्या पात्यावर देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव घातलेले आहे. तेवढी अक्षरे नसती, तर जुन्या शेकडो तलवारींपैकी एक म्हणून ती कोणा धनिकाच्या भिंतीवर लटकत राहिली असती.

असो. राजेरजवाड्यांची गोष्ट दूर ठेवून आता आपल्या घराकडे वळू. कोकणातील आपल्या घरांच्या माळ्यावर व फडताळांत काय नाही? तांब्याचे बंब, घंगाळे, समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कलमदाने, लाल बासनात गुंडाळलेल्या पोथ्या आणि मोडी लिपीतील कागदांची दप्तरे. पूर्वजांची रीत अशी की, लग्नात वा मुंजीत दिलेल्या भांड्यावर देणाराचे नाव आणि पुष्कळदा तिथी-सालही ठोक्यांनी घातलेले असावयाचे. रघुजींच्या तलवारीवर जे काम त्या अक्षरांनी केले, तेच काम आपल्या आजीच्या तपेल्यावरील नाव करीत असते. मुंबईस स्थायिक झालेली मंडळी गणपतीस किंवा उन्हाळ्याच्या सुटीत येऊन घर आवरतात, तेव्हा हीच भांडी वजनावर मोडीत जातात. पितळेचे पैसे होतात, पण नाव भट्टीत वितळून जाते. कागदांची दशा तर याहून वाईट. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी लिपी शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली. त्यामुळे पणजोबांचे खतपत्र वा वतनाचा कागद नातवास वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, असे समजून वाळवीच्या स्वाधीन केले जाते.

हे असेच घडले पाहिजे असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून घराघरांतील दप्तरे तपासीत हिंडले. त्यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड उभे राहिले. त्यांचा पहिला खंड १८९८ सालचा. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, पानाचे डबे अशा घरगुती जिनसांचा आयुष्यभर संग्रह केला. आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभे केलेले ते संग्रहालय त्यांनी १९७५ साली शासनाच्या हवाली केले. लंडनच्या संग्रहालयातील सुवर्णहंस आणि केळकरांच्या संग्रहातील पितळी डबा, दोहोंचे काम एकच, पान ठेवण्याचे. आणि दोन्ही टिकले ते कोणी तरी त्यांचा सांभाळ केला म्हणून.

यास्तव ज्ञातिबांधव व भगिनींस आमची सूचना अशी. प्रत्येक घरी एक वही करावी. तीत प्रत्येक जुन्या वस्तूचे वर्णन, वजन, तिच्यावरील अक्षरे, ती कोणी, केव्हा, कोठून आणली, ही माहिती घरातील वडील माणसे हयात असतानाच लिहून काढावी व शेजारी छायाचित्र लावावे. मोडी कागद टाकून न देता जाणकारांकडून वाचवून घ्यावेत. वाटण्या होतील तेव्हा वस्तू कोणाकडे गेली हेही त्याच वहीत लिहावे. कायद्याचीही जाण असावी: १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू आणि ७५ वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. दारी येणाऱ्या दलालाशी बोलण्यापूर्वी एवढे तरी लक्षात ठेवावे.

कोणास होन मिळेल, कोणास मिळणार नाही. बाजारात अशा वस्तूंच्या किमती आपल्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. परंतु ज्याची उत्पत्ती, मालकी व कथा पूर्णपणे ठाऊक आहे अशी जुनी वस्तू हवी असेल, तर ती बहुधा आपल्याच माळ्यावर असते. थिबा राजापाशी माणिक होते आणि कागद नव्हता. आपल्यापाशी माणिक नसेल, पण वही व लेखणी आहे. पुढील स्मरणिका निघेल तोवर निदान काही घरांतून अशा वह्या तयार व्हाव्यात, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.