ग्लेशिअर पार्क, १३ ऑगस्ट १९६७: दोन तळ, एक रात्र

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातलं ग्लेशिअर नॅशनल पार्क १९१० साली स्थापन झालं. पुढची ५७ वर्षं तिथल्या ग्रिझली अस्वलांनी एकाही माणसाचा जीव घेतला नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ रोजी, एकाच पहाटे, दोन तरुणींचा बळी गेला. दोघी १९ वर्षांच्या. दोघी उन्हाळ्यापुरत्या पार्कमध्ये नोकरीला आलेल्या. दोन्ही जागांमध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटरचं अंतर होतं आणि अस्वलंही वेगवेगळी होती.

जून, केलीज कॅम्प

लेक मॅकडोनाल्डच्या वरच्या टोकाला खासगी केबिनची ही छोटी वस्ती. कचऱ्याच्या डब्यांवर एक हडकुळी ग्रिझली येऊ लागली. माणूस दिसला की ग्रिझली सहसा निघून जाते. ही जात नव्हती. रहिवाशांनी रेंजरांकडे तक्रार केली. नंतर पुन्हा केली. अस्वल पकडलं गेलं नाही, मारलंही गेलं नाही.

जुलै आणि ऑगस्टचा पहिला आठवडा, ट्राउट लेक

केलीज कॅम्पच्या बाजूने डोंगरधार ओलांडली की सुमारे ६ किलोमीटरवर हे तळं. मासेमारीला आणि मुक्कामाला येणारे लोक आपला कचरा तिथेच टाकून जात. तीच हडकुळी ग्रिझली आता इथे दिसू लागली. तिने माणसांना झाडावर चढायला लावलं, सॅक फाडून आतलं अन्न खाल्लं. या बातम्याही रेंजरांपर्यंत गेल्या. पायवाट चालूच राहिली.

त्याच उन्हाळ्यात, ग्रॅनाइट पार्क

सुमारे २,००० मीटर उंचीवर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने बांधलेलं हे दगडी विश्रामगृह. गाडीरस्ता नाही, चालतच जावं लागतं. कचरा जाळायला भट्टी होती, पण गर्दीच्या मानाने लहान. उरलेलं खरकटं मागच्या घळीत ओतलं जाई. अंधार पडला की ग्रिझली तिथे जेवायला येत आणि पाहुणे त्यांना बघायला थांबत. अस्वलांना खाऊ घालायला पार्कच्या नियमांनी बंदी होती. घळीत काय चालतं, हे पार्कच्या माणसांना माहीत होतं. त्यांच्यातल्या काहींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

शनिवार, १२ ऑगस्ट, दिवसा

उन्हाळा कोरडा गेला होता. आदल्या दिवशी विजा पडून ठिकठिकाणी वणवे लागले होते आणि रेंजर त्यात गुंतले होते. ग्रॅनाइट पार्कचं विश्रामगृह भरलेलं होतं.

संध्याकाळ, ग्रॅनाइट पार्क

एक तरुणी आणि तिचा १८ वर्षांचा मित्र मुक्कामाला आले. ते उतारावर, विश्रामगृहापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेल्या तळावर गेले. तंबू नव्हता, उघड्यावर स्लीपिंग बॅगा पसरल्या. घळीतल्या खरकट्याकडे जाणाऱ्या अस्वलांची येण्याजाण्याची वाट या तळाजवळून होती.

रात्री सुमारे ८, ट्राउट लेक

पाच जण आणि एक कुत्रा. पायवाटांवर कुत्रा आणायला मनाई होती. ते मासे आणि हॉट डॉग शिजवत असताना ग्रिझली आली. पाचही जण काठाकडे पळाले. तिने जेवण खाल्लं आणि एक सॅक ओढून नेली.

परत फिरायचं तर धार ओलांडून जावं लागणार होतं आणि अंधार वाटेतच गाठणार होता. त्यांनी थांबायचं ठरवलं. सामान थोडं पुढे, पाण्याच्या कडेला हलवलं आणि मोठी शेकोटी केली. खाण्याच्या काही वस्तू जवळच राहिल्या.

रात्री सुमारे १२:४५, ग्रॅनाइट पार्क

झोपलेल्या दोघांवर ग्रिझलीने झडप घातली. मुलगा निपचित पडून राहिला. अस्वलाने त्याला चावे घेतले, मग ते मुलीकडे वळलं आणि तिला उताराने ओढत घेऊन गेलं. मुलगा जखमी अवस्थेत तळावरच्या इतरांपर्यंत पोचला. आरडाओरड वर विश्रामगृहात ऐकू गेली.

रात्री १ नंतर

वरून लोक खाली आले आणि मुलाला घेऊन गेले. मुलगी कुठे होती, हे कुणाला माहीत नव्हतं. बंदूक एकाकडेही नव्हती. अंधारात तिच्या मागावर जाऊन आणखी माणसं गमवायची नाहीत, असं ठरलं. रेडिओवरून मदत मागवली गेली. हत्यारी रेंजरला घेऊन हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला.

रात्री सुमारे २, ट्राउट लेक

ग्रिझली परत आली. ओंडक्यावर ठेवलेल्या बिस्किटांची पिशवी उचलून निघून गेली. पाच जणांनी शेकोटीत आणखी लाकडं टाकली.

रात्री ३ च्या सुमारास, ग्रॅनाइट पार्क

रक्ताच्या मागावरून शोधपथक उतरत गेलं. तळापासून शंभराहून अधिक मीटर खाली ती सापडली. ती जिवंत होती, बोलत होती. तिला उचलून विश्रामगृहात आणलं. पाहुण्यांमध्ये डॉक्टर होते आणि एक धर्मगुरूही होते. डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर उपचार सुरू केले.

पहाटे ४:१२

तिचा मृत्यू झाला.

पहाटे सुमारे ४:३०, ट्राउट लेक

ग्रिझली तिसऱ्यांदा आली. शेकोटी मंदावली होती. ती स्लीपिंग बॅगा हुंगत फिरली आणि एकाचे कपडे तिने ओरबाडले. तो उठून झाडावर चढला. आणखी तिघे आपापल्या बॅगांमधून बाहेर पडले आणि झाडांवर चढले. पाचवीच्या बॅगची चेन अडकली. चौघांनी झाडांवरून जे ऐकलं, ते त्यांनी नंतर तपासात सांगितलं.

सकाळी ६ च्या सुमारास

उजाडल्यावर चौघे खाली उतरले आणि रेंजर ठाण्याकडे धावत सुटले. रात्रीची बातमी तोवर पसरली होती. हा दुसरा निरोप आला तेव्हा, ग्रॅनाइट पार्कबद्दलच कुणीतरी पुन्हा सांगतंय, असाच आधी समज झाला.

पुढचे दिवस

ग्रॅनाइट पार्कच्या घळीवर तीन ग्रिझली मारल्या गेल्या. ट्राउट लेकवरची हडकुळी मादी शेजारच्या ॲरो लेकवर सापडली आणि तिलाही गोळी घातली गेली. तिच्या तोंडात काचेचे तुकडे रुतलेले होते. अशा तोंडाने नेहमीचं रानातलं अन्न खाणं अवघड जातं. काच माणसांच्या कचऱ्यातलीच असावी. पोटात माणसाचे केस सापडले.

विजा, उष्मा, वणवे, अशी बरीच कारणं त्या दिवसांत सुचवली गेली. पण दोन्ही ठिकाणची अस्वलं कित्येक आठवडे माणसाचं अन्न खात होती आणि माणसाला भीत नव्हती. या एका कारणासमोर बाकीची कारणं टिकत नाहीत.

त्यानंतर पार्कची पद्धत बदलली. घळीत खरकटं टाकणं थांबलं. नेलेला कचरा परत आणणं सक्तीचं झालं. मुक्कामाच्या जागा ठरवून दिल्या गेल्या, स्वयंपाकाची जागा झोपण्याच्या जागेपासून लांब गेली, अन्न उंच टांगायची सोय झाली आणि अस्वल घुटमळताना दिसलं की पायवाट बंद होऊ लागली. यांतल्या एकाही उपायासाठी नवा शोध लागावा लागला नव्हता. हे सगळं जूनमध्येही करता आलं असतं.

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथेही काळी आणि तपकिरी अस्वलं आहेत. तंबूत अन्न ठेवू नका. तंबूपासून शंभरेक मीटर लांब शिजवा आणि तिथेच जेवा. खरकटं पुरू नका, सोबत परत आणा. निर्धास्त झालेलं जनावर दिसलं तर वनखात्याला लगेच कळवा. आणि तळावर एकदा जेवून गेलेलं जनावर पुन्हा येणार, असं धरूनच पुढचा निर्णय घ्या.