‘ट्री’ म्हणजे झाड? बांबूला विचारा



संशोधनाची तयारी करताना ‘व्याख्या’ हा भाग आपण बहुतेकदा शेवटी, घाईघाईत लिहितो. मीही तेच केलं होतं. गडचिरोलीत प्रश्नावलीची चाचणी घेताना एक साधा प्रश्न होता: बांधावर झाडं किती? एकाने बांबू धरलाच नाही. दुसऱ्याने अख्खं बेट एक झाड म्हणून मोजलं. तिसऱ्याने एकेक काठी मोजली. चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. तो रकाना बाद करावा लागला.

इंग्रजी ‘ट्री’ला आपण झाड, वृक्ष, तरू असे प्रतिशब्द देतो. पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आपण ‘मिरचीचं झाड’ म्हणतो, ‘मिरचीचा वृक्ष’ म्हणत नाही. म्हणजे आपलं ‘झाड’ हे ‘ट्री’पेक्षा बरंच ऐसपैस आहे. वनस्पतीशास्त्र विचाराल तर बांबू गवताच्या कुळातला. त्याच्या खोडात जाडी वाढवणारा एधा हा थर नसतो. कोंब जमिनीतून जेवढ्या जाडीचा निघतो, काठी तेवढ्याच जाडीची राहते.

आता कायद्याकडे या. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘ट्री’च्या व्याख्येत ताड-माडांसारखी झाडं, बांबू, वेत, झुडपं, एवढंच काय, बुंधेसुद्धा आहेत. कायदा लिहिणाऱ्यांना वनस्पतीशास्त्र येत नव्हतं का? तसं नाही. तिथे क्रियापद नीट वाचा. ‘ट्री’ ‘म्हणजे’ अमुक, असं लिहिलेलं नाही. ‘ट्री’मध्ये अमुक ‘समाविष्ट आहे’, असं आहे. ‘म्हणजे’ कुंपण घालतं, ‘समाविष्ट’ कुंपण पुढे सरकवतं.

त्याचा परिणाम साखळीसारखा झाला. बांबू ‘ट्री’ ठरला. त्याच कायद्यात तोडलेलं झाड म्हणजे ‘टिंबर’. आणि टिंबर जंगलातलं असो वा बांधावरचं, ते वनोपजच. मग वाहतुकीला परवाना आलाच. चंद्रपूर-गडचिरोलीत ही बाब छोटी नाही. बुरूड कारागिरांची सुपं-टोपल्या बांबूवर, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यालाही कच्चा माल म्हणून बांबूच लागायचा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दुसरा शब्द आणला: ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’, गौण वनोपज. त्यात बांबूचं नाव स्पष्ट आहे, आणि गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्कही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. हक्क कागदावर, बांबू जंगलात! मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज धरायला सांगितलं. २७ एप्रिल २०११ ला मेंढ्यात येऊन त्यांनी परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही हजर होते.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश निघाला आणि ‘ट्री’च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला. इथे अनेकजण गल्लत करतात. यामुळे मोकळा झाला तो जंगलाबाहेरचा, शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू. जंगलातला बांबू आजही वनोपज आहे, कारण जंगलातलं गवतसुद्धा वनोपजात मोडतं. मेंढ्याचा हक्क आला तो २००६ च्या कायद्यातून, २०१७ च्या दुरुस्तीतून नाही. प्रबंधात हे दोन उलटसुलट झाले, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

तेव्हा तुमच्या विषयातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द आज काढा. तो कोणत्या कायद्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या अर्थाने आलाय ते लिहा. त्यात काय मोजणार आणि काय नाही, तेही लिहा. मग गावात जा आणि तिथले लोक त्याला काय म्हणतात ते विचारा. माझ्या नव्या प्रश्नावलीत आता दोन रकाने आहेत: झाडं किती, आणि बांबूची बेटं किती. एवढंच करायचं होतं, पण मला त्यासाठी एक अख्खी फेरी वाया घालवावी लागली. तुमची वाचवा.