टर्किश टॉवेलचे कूळ

सौनाला निघालेला माणूस बहुधा घरातला सर्वांत जाड, मऊ टॉवेल पिशवीत टाकतो. हा टॉवेल मुळात हमामातलाच, त्यामुळे निवड बरोबर वाटते. पण त्याचे कूळ तपासले की दिसते, गरम खोलीत बसण्यासाठी तो कधी विणलाच गेला नव्हता.

तुर्कस्तानातले बुर्सा ही उस्मानी सत्तेची पहिली मोठी राजधानी. रेशमाची पेठ आणि उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम झऱ्यांचे गाव. या झऱ्यांवर हमाम उभे राहिले आणि हमामांमुळे विणकरांना काम मिळाले. तिथे कापडे दोन तऱ्हांची लागत. गरम खोलीत कमरेला गुंडाळायचे ते पेश्तमाल: पातळ, सपाट विणीचे, आपल्या पंच्याच्या जातीचे. घाम, पाणी, साबण सगळे त्यावर. थंड खोलीत परत आल्यावर ते उतरवायचे आणि कमर, खांदे, डोके कोरड्या कापडांत लपेटून निवांत बसायचे. अंग टिपणाऱ्या या दुसऱ्या कापडावर विणकरांनी लूप उठवले.

त्यामागची कारागिरी विलक्षण आहे. मागावर उभ्या धाग्यांचे दोन ताणे लावतात, एक घट्ट आणि एक सैल. आडवे दोन धागे विणीच्या कडेपासून थोडे अंतर राखून टाकतात. तिसरा टाकला की फणी तिघांनाही एकदम कडेपर्यंत ठोकते. घट्ट ताणा जागचा हलत नाही. सैल ताण्याला मात्र जागा उरत नाही, म्हणून तो कापडाच्या अंगावर वळ्यांसारखा उभा राहतो. तेवढ्याच लांबीरुंदीत कितीतरी जास्त सूत मावते आणि तितके जास्त पाणी टिपले जाते. फणीच्या एका ठोक्याचा असा उपयोग ज्याला सुचला, त्याचे नाव इतिहासात राहिले नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

१८५०च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती या इंग्रज प्रवाशाने पूर्वेकडची कापडे जमवताना हे कापडही मायदेशी नेले. पुढे फ्रान्समधल्या प्राचीन गुहांच्या उत्खननात रमलेला संग्राहक तो हाच. त्याच्या घराण्याचा कापडाचा कारखाना मँचेस्टरजवळ होता. तिथल्या सॅम्युअल होल्टने ही वीण यंत्रावर बसवली आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. हातमागावरची चैन गिरणीत आली, स्वस्त झाली, आणि तुर्की हमामाचे नाव जगभरच्या न्हाणीघरांत पोचले.

महाराष्ट्रात या लूपच्या, म्हणजे टेरी विणीने सोलापुरात घर केले. तिथल्या यंत्रमागांवर चादरीच्या शेजारी टेरी टॉवेलही विणला जातो आणि दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे.

सौना मात्र फिनलंडचा, आणि तिथल्या कापडाचे कूळ वेगळे. फिनी माणसाचे जुने कापड लिननचे, जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे. (विदर्भात ज्याची चटणी होते तेच हे जवस, धाग्यासाठी उंच वाढणारे वाण लावतात.) हा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो, घाम चटकन शोषतो आणि लवकर वाळतो. सौनातली हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापते. तापलेल्या लाकडी बाकावर त्वचा पोळू नये आणि घाम लाकडात मुरू नये, एवढेच तिथल्या कापडाचे काम. जाड टेरी ते करतो, पण घाम पिऊन जड होतो आणि ओलाच राहतो. जर्मनीतल्या सौनांमध्ये घामाचा थेंब लाकडावर पडू नये असा दंडक असतो, पावलेही कापडावरच हवीत. म्हणून आडवे व्हायचे असेल तर कापड अंगापेक्षा लांब लागते. पॉलिस्टरची भेसळ असलेले काही नेऊ नये. त्याचा धागा घाम पीत नाही.

तेव्हा बुर्साच्या हमामाची रीतच पाळा आणि दोन कापडे न्या. बसायला सपाट विणीचे लिनन, ते नसेल तर धुऊन मऊ झालेली सुती चादर किंवा मोठा पंचा. आणि सोलापुरी टॉवेल बाहेर खुंटीवर कोरडा ठेवा, थंड पाण्याने अंघोळ करून आल्यावर अंग टिपायला.