खिडकीबाहेरचें गिऱ्हाईक

इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेला मीटर रुंदीचा लोहमार्ग औरंगाबाद व जालना मागें टाकून परभणीस पोंचला आणि पुढें नांदेडवरून हैदराबादेकडे गेला. गोदावरीच्या खोऱ्यांतील या मुलखाचा इतिहास सांगतांना, आगगाडीनें कापसाला गिऱ्हाईक आणलें व सेलू-मानवतच्या पेठा फुलविल्या, असें सांगण्याची चाल आहे. आणि तें खोटेंहि नाहीं. परंतु तिकिटाच्या, टपालाच्या व तारेच्या खिडकीसमोर जो साधा माणूस येऊन उभा राहिला, त्याला या नव्या साधनांनीं काय शिकविलें आणि काय सोसावयास लाविलें, याची हकीकत सहसा कोणी लिहीत नाहीं. ती लहान लहान गोष्टींची हकीकत आहे.

पहिली गोष्ट घड्याळाची. सूर्य माथ्यावर आला म्हणजे मध्यान्ह, हें गणित गांवाला पुरेसें होतें. रेल्वेचें गणित निराळें. आरंभीं हिंदुस्थानांतील आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. परभणीचा सूर्य त्या वेळेच्या सरासरीनें चौदा मिनिटें मागें. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाण वेळ सुरू झाली आणि हें अंतर तेवीस मिनिटांवर गेलें. त्यांत मुंबई शहर तर प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें राहणारी आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत कवटाळून बसलें होतें. तेव्हां मुंबईच्या पत्रांतील वेळ, स्टेशनांतील वेळ आणि अंगणांतल्या सावलीची वेळ, अशा तीन वेळा एकाच माणसाला सांभाळाव्या लागत. गाडी चुकलेल्या खेडुतास शहाण्या लोकांनीं आळशी म्हटलें. वास्तविक तो बापडा आपल्या सूर्याप्रमाणें अगदीं वेळेवर आलेला असे. त्यानें यावर शोधलेला उपाय सोपा होता. तो आदल्या रात्रींच शिदोरी घेऊन स्टेशनावर येऊन निजे. अजूनहि कांहीं वृद्ध माणसें गाडीच्या दोन तास आधीं फलाटावर जाऊन बसतात, त्याची थट्टा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

यापेक्षां अवघड प्रकरण टपालाचें. हैदराबाद संस्थानांत टपालें दोन होतीं. निजाम सरकारनें १८६९ सालीं आपलीं स्वतःचीं तिकिटें काढलीं. परंतु तीं संस्थानाच्या हद्दीच्या आंतच चालत. जिंतूरहून पाथरीस पत्र धाडावयाचें तर सरकारआली तिकीट. तेंच पत्र पुण्यास किंवा अकोल्यास धाडावयाचें तर इंग्रजी तिकीट. एकाचे पैसे हाली शिक्क्यांत, दुसऱ्याचे कलदारांत. सात हाली रुपयांस सहा कलदार हा ठरीव हिशेब. म्हणजे शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. पुण्यास शिकणाऱ्या मुलाला शंभर रुपये पाठविणाऱ्या बापाला प्रथम हा अपूर्णांक पाठ करावा लागे, आणि मग सराफापाशीं बट्ट्याची घासाघीस करावी लागे. कारण ठरीव हिशेब सरकारचा, आणि सराफाचा हिशेब सराफाचा. त्रैराशिक शाळेंत जितक्या मुलांना आलें नाहीं, तितक्या प्रौढांना तें या दोन नाण्यांनीं शिकविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

गंमत अशी कीं, १८७१ पासून निघालेल्या सरकारआली तिकिटांवर किंमत मराठींतहि छापलेली असे, आणि १९१८ च्या कायद्यानंतर निघालेल्या हैदराबादी नोटांवरहि मराठी अक्षरें होतीं. परंतु कारभाराची भाषा प्रथम फारसी व १८८४ पासून उर्दू. अर्थात् हातांतलें तिकीट वाचतां येई, पण त्याविषयींची तक्रार लिहितां येत नसे. अर्जनविसाला दोन आणे दिल्यावांचून सरकारशीं बोलणेंच अशक्य. त्यांत तारखेचा घोळ. सरकारी कागदावर फसली सन आणि आजूर, दै, बहमन हे महिने. इंग्रजी टपालाच्या शिक्क्यावर इसवी सन. घरच्या वहींत शालिवाहन शक व तिथि. पत्र किती दिवस वाटेंत राहिलें हें सिद्ध करावयाचें तर तीन पंचांगें जुळवावीं लागत. ज्या कारभारांत गाऱ्हाणें मांडण्याची मेहनत मूळ नुकसानीहून मोठी असते, तेथें गाऱ्हाणीं कमी होतात. आणि गाऱ्हाणीं कमी म्हणून कारभार उत्तम, असा अहवाल लिहितां येतो. ही युक्ति निजामाच्या अंमलदारांनीं शोधिली नव्हती व त्यांच्याबरोबर ती गेलीहि नाहीं.

तारेनें निराळीच परीक्षा घेतली. तार इंग्रजींत जाई, अथवा देशी भाषा रोमन अक्षरांत लिहून जाई. मोल शब्दागणिक, पत्त्याचे शब्दहि मोजले जात. म्हणून लोकांनीं आपलें असें एक व्याकरण बनविलें. त्यांतून नमस्कार गेला, विशेषणें गेलीं, क्रियापदहि शक्य तेथें गेलें. पण रोमन अक्षरांत ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाहीं आणि ल व ळ यांत भेद नाहीं. “भाव बरा आहे” असें लिहिलें तर तें “भाव बारा आहे” असेंहि वाचतां येतें. “माल पाठवा” आणि “माळ पाठवा” यांचीं अक्षरें तर एकच. मानवतच्या कापूसपेठेंत अशा एका अक्षरावर गाडीभर मालाचा नफातोटा अवलंबून राहूं शके. म्हणून सावध अडते आंकडा दोनदां लिहीत आणि सांकेतिक शब्दांची वही तिजोरींत ठेवीत. गरिबाजवळ अशी वही कोठून असणार? त्याच्या घरीं तार आली म्हणजे ती वाचण्यापूर्वींच रडारड सुरू होई, कारण आनंदाची बातमी कोणी इतके पैसे खर्चून कळवीत नसे. तो कागद घेऊन कोणीतरी मास्तरांकडे किंवा स्टेशनमास्तरांकडे धांवे, आणि परत येईपर्यंत घर जिवंतपणीं मरे. देवनागरींत तारा पाठविण्याची सोय १९४९ सालीं झाली. सोय जाहीर होणें निराळें आणि ती आपल्या खिडकीवर मिळणें निराळें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. जुलै १९१३ नव्हे, तर २०१३ मध्यें तारेचें खातेंच बंद झालें. तोंवर घरोघर दूरध्वनि आला होता आणि पुष्कळांना ती गेल्याचें वर्तमानपत्रांतून कळलें.

येथें कायद्याची एक बाजू सांगणें अवश्य आहे, कारण खरें दुखणें तेथें आहे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें पत्र हरवलें, चुकीच्या ठिकाणीं गेलें, उशिरा पोंचलें किंवा खराब झालें, तरी कायद्यानें स्पष्टपणें पत्करलेल्या जबाबदारीखेरीज सरकार कशालाहि बांधलेलें नव्हतें. एखाद्या नोकरानें कपटानें वा जाणूनबुजून तसें केलें तरच तो नोकर जबाबदार. आणि तें सिद्ध करावयाचें कोणी? रेल्वेच्या मालाचीहि हीच तऱ्हा. स्वस्त दरानें माल पाठवावयाचा तर “मालधन्याच्या जोखमीवर” अशा छापील कागदावर सही करावी लागे. तो कागद इंग्रजींत, सही मोडींत. मनमाडला मीटर मापाची गाडी संपे व रुंद मापाची सुरू होई. त्यामुळें प्रत्येक गठ्ठा, प्रत्येक पेटी तेथें एका डब्यांतून दुसऱ्यांत चढविली जाई. परभणीस आलेल्या पेटींतल्या कांचा फुटलेल्या निघाल्या म्हणजे त्या कोणत्या मापावर फुटल्या, या प्रश्नाला उत्तर नसे. शेवटीं पेटी बांधणाराच शहाणा झाला: कांचेच्या वस्तु कडब्यांत किंवा सरकींत पुरून पाठवाव्या, हें ज्ञान कोणत्याहि खात्यानें दिलेलें नाहीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १ एप्रिल १९५० रोजीं संस्थानी टपाल भारतीय टपालांत विलीन झालें, रेल्वेहि त्याच सालीं केंद्राकडे गेली, आणि हाली शिक्का त्या दशकांत चलनांतून नाहींसा झाला. खिडकी एक झाली, नाणें एक झालें, पंचांग एक झालें. ही सुटका लहान नव्हती. जबाबदारीचें कलम मात्र जसेंच्या तसें राहिलें.

दूरध्वनीच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तो बहुतेकांच्या स्मरणांत आहे. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसणें, घाईचा कॉल दुप्पट पैशांनीं घेणें, आणि जोडणी मिळाल्यावर साऱ्या गल्लीला ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें बोलणें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेनें धुळींत व उन्हाळ्यांत, थंडगार खोलीवांचून चालेल असें लहान एक्स्चेंज बनविलें. परभणीसारख्या जिल्ह्यांस त्याचाच खरा उपयोग. पुढें पिवळ्या पाटीचीं दुकानें निघालीं आणि रात्रीं अकरानंतर पाव दर लागतो हा शोध लागतांच गांवांतील रांग मध्यरात्रीं लागूं लागली.

गिऱ्हाइकाला हक्क असतो ही कल्पना महाराष्ट्रांत चळवळीच्या रूपानें आली ती बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीमुळें. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला व जिल्ह्याजिल्ह्यांत मंच निघाले, परभणीसहि निघाला. तरी दूरध्वनीच्या तक्रारी तेथें चालतील कीं नाहीं, याचा वाद संपेना. १८८५ च्या तार कायद्यांत लवादाची तरतूद आहे, सबब ग्राहक मंचाला अधिकार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें म्हटलें. आणि अधिकार आहे, असें त्याच न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें ठरविलें. मधलीं तेरा वर्षें तक्रारदार दारांत उभा होता. टपालाचा जुना कायदा जून २०२४ मध्यें रद्द होऊन २०२३ चा नवा कायदा अमलांत आला. त्यांतहि जबाबदारींतून सूट देणारें कलम आहेच, फक्त त्याचा क्रमांक दहावा.

आतां खिडकीच नाहीं, यंत्र आहे. शेतकऱ्यावर याचा भार सर्वांत अधिक पडला तो पीकविम्यांत. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत गारपीट किंवा शेतांत पाणी सांचणें अशा स्थानिक आपत्तीनें नुकसान झालें, तर त्याची सूचना बहात्तर तासांच्या आंत द्यावी लागते: मोबाइलवरील ॲपमधून, टोल-फ्री क्रमांकावर, किंवा बँक अथवा कृषि खात्यामार्फत. गोदावरी व दुधना फुगल्या म्हणजे पहिल्याच रात्रीं वीज जाते, विजेमागून टॉवर जातो, आणि बहात्तर तासांचें घड्याळ तेवढें चालूं राहतें. पाण्याखालीं गेलेल्या सोयाबीनचें छायाचित्र काढावयास शेतांत पोंचलें पाहिजे. पोंचल्यावर रेंज पाहिजे. रेंज मिळाल्यावर समोरच्या यंत्रानें “आपला कॉल आमच्यासाठीं महत्त्वाचा आहे” असें म्हणणें थांबविलें पाहिजे. लोकांनीं यावरहि तोड काढलीच. एखादा पोरगा चार-सहा मोबाइल घेऊन उंच टेकाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर चढतो आणि सबंध आळीच्या सूचना नोंदवून खालीं उतरतो. नोंद झाल्याचा जो क्रमांक पडद्यावर उमटतो, त्याचें छायाचित्र दुसऱ्या मोबाइलनें काढून ठेवावें, हा त्याचा शोध. कारण पुढें सगळा दावा त्या क्रमांकावर उभा राहतो.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानें, जो जुलै २०२० पासून लागू झाला, या माणसाला एक गोष्ट निश्चित दिली. पूर्वीं दावा मुख्यतः समोरच्या पक्षाच्या ठिकाणीं किंवा जेथें कारण घडलें तेथें लावावा लागे; आतां तक्रारदार जेथें राहतो किंवा पोटापाण्याचा धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेंहि तो लावतां येतो. मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाहीं. पालमच्या किंवा सोनपेठच्या शेतकऱ्यानें सकाळची एस.टी. धरली तर तो कचेरी उघडण्याच्या वेळेस परभणीस पोंचतो. अर्ज मराठींत लिहितो, आणि त्याला पावती, हप्त्याचा कागद व तो नोंदीचा क्रमांक जोडून देतो.