रेडिओवरची कवायत

मागच्या बैठकीत आम्ही वयस्कर बायांच्या व्यायामाचा विषय काढला, तेव्हा गटातल्या एक आजी फटकन म्हणाल्या, "जन्मभर वाकून खुरपलं, डोईवर पाणी वाहिलं. आता आणखी कसला व्यायाम?" आम्ही गप्प बसलो. मग जरा शोधाशोध केली, तेव्हा जपानची एक गोष्ट हाती लागली. ती रेडिओचीच आहे, म्हणून आज तीच सांगतो.

१ नोव्हेंबर १९२८ ला सकाळी सात वाजता जपानच्या रेडिओवरून कवायत सुरू झाली. आपल्या शाळेत पीटी असते ना, तशीच. तिकडे तिला 'राजिओ ताइसो' म्हणतात, म्हणजे रेडिओ कवायत. ती काढली कुणी? दवाखान्याने नाही, टपालखात्याच्या विमा विभागाने! हे खातं १९१६ पासून साध्या माणसांचे छोटे विमे उतरवत होतं. विमेदार लवकर गेला तर पैसे द्यायचे, जगला तर हप्ता येत राहणार. हिशेब सरळ होता. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीने रेडिओवर व्यायाम सुरू केले होते, त्यावरून ही कल्पना आली. त्याच महिन्यात नव्या सम्राटाचा राज्याभिषेक होता, तेही निमित्त झालं.

१९३० साली टोकियोच्या कांदा भागात एका पोलिसाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सकाळी लवकर उठवून कवायतीला गोळा केलं. घराघरात एकट्याने करायची गोष्ट अशी मैदानात, चारचौघांत आली.

पुढे मात्र गोष्ट कडू होते. युद्धाचे दिवस आले आणि तीच कवायत हुकूम पाळायची सवय लावायला वापरली गेली. जपानच्या ताब्यातल्या कोरिया, तैवानमध्येही ती करून घेतली. एका आवाजावर सगळ्यांचे हात वर, सगळ्यांचे खाली. १९४५ ला जपान हरला. देशात अमेरिकेचा अंमल आला आणि अशा एका हुकमावरच्या कवायतीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. १९४६ ला नवी कवायत बसवली, ती लोकांच्या अंगवळणी पडली नाही. १९४७ ला तीही बंद झाली.

१९५१ ला ती परत आली, पण हालचाली नव्या, संगीत नवं. तेरा हालचाली, जेमतेम तीन मिनिटांच्या. आजही तिथे रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर ती लागते. १९५१ साली जी पोरं सुट्टीत कवायतीला जात होती, ती आता ऐंशीच्या पुढे गेलीत. जपानमध्ये आज दहातली जवळपास तीन माणसं पासष्टीच्या पुढची आहेत आणि बागेत सकाळी कवायतीला तीच जास्त दिसतात. आता हुकूम कुणाचा नाही. आपल्याकडे एक दिवसाचं शिबिर होतं, बॅनर लागतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी सगळं थंड. तिथे वेळ ठरलेली, जागा घराजवळची, गाणं तेच. न शिकलेल्या बाईलाही चार दिवसांत जमावं असं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. त्या कवायतीतली पहिलीच हालचाल आहे दोन्ही हात समोरून वर नेऊन बाजूने खाली आणायची. आम्ही बैठकीत करून पाहिली. तीन जणींचे हात कानापर्यंतही गेले नाहीत. तेव्हा लक्षात आलं, खुरपताना, धुणं धुताना, सारवताना आपण सतत पुढेच वाकतो. कष्टाने अंग झिजतं, ते सगळीकडून मोकळं होतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम सांगते. मोरीत पाय घसरून खुबा मोडला की बाई खाटेला खिळते, हे आपण घरोघर पाहिलंय.

आपल्या बायांकडे अंग मोकळं करणारं काही नव्हतं असं नाही. पंचमीचे फेर, मंगळागौरीची फुगडी, झिम्मा. दमछाक होते की नाही? पण ते श्रावणापुरतं, त्यात मंगळागौर नव्या सुनेची. विधवा बाई बाजूला बसून बघायची. ज्या वयात अंगाला गरज जास्त, त्याच वयात खेळ सुटला. हे आम्हाला फार टोचलं.

दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, "मला उभंच राहवत नाही गं." त्याचीही सोय जपानने केली. १९९९ हे संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांचं वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी तिथे लहानथोर सगळ्यांना जमेल, खुर्चीत बसूनही करता येईल अशी वेगळी कवायत आली. आमच्याकडे खुर्च्या नाहीत, पण समाजमंदिराचा ओटा आहे.

आपल्या देशात २००६ पासून संस्थांना असे छोटे रेडिओ चालवायची परवानगी मिळाली, म्हणून आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय. तीन मिनिटं आम्हालाही काढता येतील. झिम्म्याच्या चालीवर हालचाली बसवायचं ठरलंय, विधवा-सवाष्ण सगळ्या एका फेरात. घोडं अडलंय ते वेळेवर. साडेसहाला आमच्या नळाला पाणी येतं. तुमच्या गावात कधी येतं, ते कळवा.